बाहा बग : लोकांच्या मोटारीचा वाळवंटी अवतार

एकाच मूळ आराखड्यावर जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेली मोटार म्हणून फोक्सवॅगन बीटलचे नाव घेतले जाते. सर्वसामान्य जर्मन कुटुंबाला परवडावी आणि तेथील नव्या महामार्गांवरून न थकता धावावी, हा या मोटारीमागचा हेतू होता. परंतु १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील हौशी मंडळींनी याच मोटारीला महामार्गावरून खाली उतरवले. तिचे नाक आखूड केले, मागचा भाग छाटला, मोठी चाके चढवली आणि तिला वाळू, दगडधोंडे व कोरड्या नद्यांच्या पात्रांत धाडले. या रूपाला ‘बाहा बग’ असे नाव पडले.

बाहा बगच्या फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती मिळते. तिचे मूळ इंजिन जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे. तरीही जड, चारचाकी-चालित वाहने जेथे रुतून बसतात अशा कित्येक जागांतून ती निघून जाते. हे कसे घडते, याचे उत्तर तिच्यात काय जोडले यापेक्षा तिच्यात मुळात काय होते आणि त्यातून काय काढून टाकले, यात दडलेले आहे. त्याचबरोबर, ज्या मोटारीचे उत्पादन कायमचे थांबले आहे तिच्यावर करवत चालवावी काय, हा प्रश्नही आज या छंदापुढे उभा आहे.

युद्धाने घेतलेली परीक्षा

फर्डिनांड पोर्शे यांच्या मार्गदर्शनाखाली बीटलचा आराखडा १९३० च्या दशकात पूर्ण झाला. आज वोल्फ्सबर्ग नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. पण लवकरच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मोटारीसाठी बचतीचे हप्ते भरणाऱ्या नागरिकांच्या हाती ती आलीच नाही. कारखान्यातून बाहेर पडली ती प्रामुख्याने लष्करी वाहने. त्यांतील ‘क्यूबेलवागन’ हे उघडे, सपाट पत्र्याचे वाहन बीटलच्याच यंत्रणेवर आधारलेले होते आणि त्याची सुमारे ५०,००० वाहने तयार झाली.

क्यूबेलवागनलाही केवळ मागच्या चाकांची चाल होती. मात्र मागच्या चाकांच्या तुंब्यांत दातेरी चाकांची एक जादा जोडी बसवली होती. त्यामुळे आस जमिनीपासून उंच राही आणि चाकांना कमी वेगात अधिक जोर मिळे. शिवाय एक चाक जागीच फिरू लागले तरी दुसऱ्याला शक्ती मिळत राहावी, अशी सोय तिच्या डिफरन्शियलमध्ये होती. वजनाला हलकी आणि पाण्याने थंड होण्याची गरज नसलेली ही मोटार उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि रशियाच्या बर्फातही चालली. बीटलचा आराखडा रस्त्याबाहेर चालू शकतो, हे अशा रीतीने कॅलिफोर्नियातील हौशी कारागिरांच्या आधी दोन दशके सिद्ध झाले होते.

१९४५ मध्ये ब्रिटिश लष्करातील मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली कारखाना पुन्हा उभा राहिला. पुढे बीटल जगभर पोहोचली. १९७२ च्या फेब्रुवारीत १,५०,०७,०३४ वी बीटल तयार झाली आणि फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’चा विक्रम मागे पडला.

आराखड्यातील मर्म

रस्त्याबाहेर चालवण्याच्या दृष्टीने बीटलचे चार गुण महत्त्वाचे ठरतात. पहिला गुण वजनाचा. ही मोटार साधारण ८०० किलोची आहे. मऊ वाळूत जड वाहन स्वतःच्याच भाराने खाली जाते. हलके वाहन वरच्या वर तरंगत पुढे सरकते. दुसरा गुण वजनाच्या वाटणीचा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने एकूण भारापैकी सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर पडतो. जी चाके ढकलतात त्यांच्यावरच भार असल्याने जमिनीवरची पकड वाढते आणि पुढची हलकी चाके वाळूत नांगरासारखी रुतत नाहीत. चढावर तर भार आणखी मागे सरकतो आणि पकड उलट सुधारते.

तिसरा गुण तळाचा. बीटलचा खालचा भाग म्हणजे सपाट पत्र्याची तबकडी आणि तिच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी जाणारी पोकळ नळी. गिअरच्या दांड्या व इंधनाच्या नळ्या या कण्यातच सुरक्षित असतात. इंजिन मागेच असल्याने पुढून मागे जाणारा फिरता दांडा तिला लागत नाही; साहजिकच खाली लोंबणारे व दगडाला अडकणारे भाग कमी असतात.

चौथा आणि बाहा बगच्या जन्मास कारणीभूत ठरलेला गुण म्हणजे ही मोटार सुटी होते. बॉडी तळाच्या सांगाड्याला बोल्टांनी जोडलेली असते. चारही मडगार्ड, बॉनेट आणि इंजिनावरचे झाकण पान्याने काढता येतात. इंजिन तर चार मुख्य बोल्ट आणि काही जोडण्या सोडवून खाली उतरवता येते. त्यामुळे कारखाना, महागडी यंत्रे किंवा अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माणसालाही घराच्या गॅरेजमध्ये या मोटारीत फेरफार करणे शक्य झाले.

द्वीपकल्प आणि शर्यत

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीत, बाहा कॅलिफोर्निया हे सुमारे १,२५० किलोमीटर लांबीचे चिंचोळे द्वीपकल्प आहे. स्पॅनिश भाषेत ‘बाहा’ म्हणजे खालचा. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचे आखात आणि मध्ये डोंगर, निवडुंगाची राने, वाळू व मिठागरे असा हा प्रदेश. उत्तरेला दक्षिणेशी सलग जोडणारा डांबरी महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत मधल्या शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात केवळ खडकाळ कच्च्या वाटा होत्या.

१९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन धाकटे या दोघांनी मोटारसायकलींवरून तिहुआना ते ला पाझ हे अंतर पार केले. एकिन्स यांना त्यासाठी ३९ तास ५६ मिनिटे लागली. हा आकडा मोडण्याची ईर्षा पुढे अनेकांना लागली. त्यांत ब्रूस मेयर्स हे नौकाबांधणीचा अनुभव असलेले कलावंत होते. होड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या फायबरग्लासपासून त्यांनी १९६४ मध्ये एक उघडी, गुटगुटीत बॉडी घडवली आणि तिला फोक्सवॅगनची यंत्रणा जोडली. हीच ‘मेयर्स मँक्स’ बग्गी. १९६७ च्या एप्रिलमध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी ‘ओल्ड रेड’ नावाच्या मँक्समधून ला पाझ ते तिहुआना हा प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत केला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मेक्सिकन १०००’ ही पहिली संघटित शर्यत झाली. व्हिक विल्सन आणि मँगल्स यांच्या मँक्सने ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. आज ‘बाहा १०००’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या शर्यतीचा प्रारंभ तो हाच.

मात्र मँक्स बनवणे सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी बीटलची मूळ बॉडी टाकून द्यावी लागे, सांगाडा सुमारे ३६ सेंटिमीटर कापून पुन्हा जोडावा लागे आणि नवी बॉडी विकत घ्यावी लागे. एवढे करून छप्पर व दारे नाहीतच. ज्यांच्याजवळ एक जुनी, ठेचकाळलेली बीटल आणि थोडेच पैसे होते त्यांनी दुसरा मार्ग शोधला. सांगाडा आणि बॉडीचा मधला भाग तसाच ठेवून फक्त दोन टोके छाटायची. अशा पहिल्या गाड्यांचे श्रेय सर्वसाधारणपणे कॅलिफोर्नियातील गॅरी एमरी यांना दिले जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासचे तयार भाग बाजारात आले आणि बाहा बग घरोघरी बनू लागली. छप्पर, दारे, काचा शाबूत असल्याने तीच गाडी आठवडाभर कामावर नेता येई आणि रविवारी वाळवंटात.

छाटणी आणि उंची

कोणतेही वाहन खड्ड्यातून वर येताना किंवा चढाला भिडताना त्याचे नाक आधी जमिनीला टेकते. चाकाच्या पुढे बॉडी जितकी लांब, तितका चढाचा कोन कमी मिळतो. बीटलचे बंपर, पुढचा खालचा पत्रा आणि इंजिनामागचा पत्रा हेच भाग आड येत. ते काढून आखूड नाक, वर उचललेली मडगार्ड आणि नळीचे साधे बंपर बसवले की पुढचा व मागचा दोन्ही कोन वाढतात, मोठ्या टायरना जागा होते आणि वजनही घटते. मागे इंजिन उघडे पडते. तीच या गाडीची ओळख ठरली.

त्यानंतर येते उंची. मूळ बीटल जमिनीपासून सुमारे १५० मिलिमीटर वर असते. तिच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी ‘टॉर्शन बार’चा आधार असतो, म्हणजे पीळ सोसून स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी. मागच्या दांडीच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ खाचा असतात. आतले टोक एक खाच फिरवले तर ९ अंशांचा फरक पडतो आणि बाहेरचे एक खाच उलट फिरवले तर सव्वाआठ अंशांच्या आसपास. दोन्ही एकदम केले की उरलेला फरक एका अंशाहूनही कमी. एकही नवा भाग न घेता, केवळ खाचा मोजून गाडी हवी तितकी वर उचलण्याची ही सोय मूळ आराखड्यातच होती. पुढच्या आडव्या नळ्यांत मात्र अशी सोय नसल्याने तेथे जुळवणीचा भाग वेगळा बसवावा लागतो.

काहींनी क्यूबेलवागनची युक्ती पुन्हा वापरली. फोक्सवॅगनच्या ‘ट्रान्सपोर्टर’ या मालवाहू व्हॅनमध्ये १९६७ पर्यंत मागच्या तुंब्यांत जादा दातेरी जोडी असे. ती बीटलला लावली की मागचा भाग उंच होतो आणि ओढही वाढते. पण या जोडीमुळे चाक फिरण्याची दिशा उलटते. त्यामुळे गिअरबॉक्समधील मोठे दातेरी चाक विरुद्ध बाजूला बसवावे लागते. हे विसरल्यास गाडीला मागे जाण्याचे चार गिअर आणि पुढे जाण्याचा एकच, अशी अवस्था होते.

आणखी एक साधी युक्ती ब्रेकची. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जागीच फिरू लागले की सारी शक्ती तिकडेच वाया जाते. म्हणून अनेक गाड्यांत मागच्या डाव्या व उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र हातदांडे बसवतात. फिरणाऱ्या चाकावर ब्रेक दाबला की शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळते आणि गाडी बाहेर पडते. तोच दांडा आखूड वळण घेण्यासही उपयोगी पडतो.

थंड राखण्याची कला

बीटलचे चार सिलिंडरचे इंजिन हवेने थंड होते. रेडिएटर नाही, पाणी नाही; त्यामुळे वाळवंटात फुटण्यासारखे आणि उकळण्यासारखे काही नाही. परंतु याचा अर्थ ते कितीही तापले तरी चालते, असा नव्हे. पंखा हवा खेचतो आणि इंजिनाभोवतीची पत्र्याची आवरणे ती हवा सिलिंडरवरून नेतात. हौशी मंडळी इंजिन उघडे दिसावे म्हणून ही आवरणेही काढून टाकतात आणि येथेच फसतात. खालून वर येणारी तापलेली हवा मग पंखा पुन्हा आत ओढतो आणि इंजिन भाजून निघते. उघडे इंजिन अधिक थंड राहते हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पंखा डायनामोच्या दांड्यावर बसवलेला असून दोन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. चालकासमोरचा लाल दिवा अचानक लागला, तर पट्टा तुटला असण्याची आणि पंखाही थांबला असण्याची शक्यता असते. अशा वेळी बॅटरीचा बिघाड समजून पुढे जाणे इंजिनाच्या जिवावर बेतते. इंजिनात तेल केवळ अडीच लिटर असते आणि मूळ रचनेत ते गाळण्यासाठी तारेची जाळी तेवढी असते. म्हणून धुळीत चालणाऱ्या गाडीचे तेल वारंवार बदलणे आणि हवा गाळण्याची उत्तम व्यवस्था ठेवणे अपरिहार्य ठरते.

उंचीची किंमत

प्रत्येक फेरफाराची किंमत मोजावी लागते. जुन्या बीटलमध्ये मागच्या आसाचे दोन्ही अर्धे भाग फक्त गिअरबॉक्सजवळ सांध्यावर हलतात. गाडी उंच केली की मागची चाके खालच्या बाजूने आत वळतात. वेगात वळण घेताना बाहेरचे चाक आणखी आत दुमडून गाडीचा मागचा भाग वर उचलला जाण्याचा आणि ती उलटण्याचा धोका असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीटलमध्ये १९६९ च्या मॉडेलपासून दोन सांध्यांची सुधारित रचना आली आणि हा दोष बराच कमी झाला. तेथेही गाडी अति उंच केल्यास सांध्यांवर न सोसणारा कोन येतो.

बीटलची इंधनाची टाकी पुढे, चालकाच्या पायांपलीकडे असते. तिच्यापुढचे सुटे चाक आणि पत्रा हीच धडकेतील ढाल. नाक आखूड केले की ती ढालही पातळ होते. म्हणून आत पोलादी नळ्यांचा मजबूत पिंजरा आणि योग्य सुरक्षापट्टे नसलेली बाहा बग ही केवळ दिसायला दणकट गाडी म्हणावी लागेल.

किंमत वाळवंटालाही मोजावी लागली. वाळवंटाची जमीन निर्जीव भासली तरी तिचा पातळ, जिवंत थर एकदा तुटला की सावरण्यास अनेक दशके लागतात. १९४२ च्या लष्करी सरावातील रणगाड्यांच्या खुणा मोहावी वाळवंटात कित्येक दशके दिसत राहिल्या. बग्ग्या आणि मोटारसायकलींची संख्या वाढल्यावर १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सार्वजनिक जमिनींवरील अशा वाहनांवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. वाहनांसाठी ठरावीक क्षेत्रे व वाटा आखण्याची पद्धत त्यातून रुजली.

जतन की करवत?

शर्यतीच्या मैदानात बीटलचे स्थान अजूनही टिकून आहे. बाहा १००० मध्ये मोकळेपणाने फेरफार केलेल्या बाहा बगचे गट आहेतच. शिवाय ‘क्लास ११’ हा जवळजवळ मूळ स्वरूपातील बीटलचा गट आहे. या गटात छाटणीला मुभा नाही. मडगार्ड, बॉनेट, मूळ धाटणीचे इंजिन घेऊनच चालकाला शेकडो किलोमीटर दगडधोंड्यांतून जायचे असते. येथे जिंकण्याइतकेच शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचण्याला मोल आहे. मूळ आराखडा किती सोसू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

बीटलचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. तोवर २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. नव्या रूपातील ‘न्यू बीटल’ आणि तिची पुढची पिढीही २०१९ पर्यंत बंद झाली. पुढे इंजिन असलेल्या त्या गाड्यांचा जुन्या यंत्रणेशी संबंध आकारापुरताच होता. १९६८ मध्ये जुनी बीटल स्वस्तात मिळे, कापताना कोणाचा हात थबकत नसे. आज तशी स्थिती नाही. न कुजलेला पत्रा आणि मूळ भाग असलेली गाडी कापली की ती एक संख्येने कायमची कमी होते. दुसरीकडे, पुढची-मागची टोके गंजून गेलेल्या कित्येक गाड्या बाहा बग झाल्यामुळेच भंगारात जाण्यापासून वाचल्या, हेही खरे. म्हणूनच जाणकार आता दोन पथ्ये सांगतात : धडधाकट गाडीवर करवत चालवू नये आणि शक्य तेथे बोल्टने बसणारे, पुन्हा काढता येणारे भागच वापरावेत. काढलेली मूळ मडगार्ड व बॉनेट जपून ठेवणे हा त्याचाच भाग.

भारतात जुन्या बीटलचे उत्पादन कधीच झाले नाही. पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तोवर मूळ बीटल इतिहासजमा झाली होती. आयात होऊन आलेल्या मोजक्याच गाड्या येथे संग्राहकांकडे आहेत आणि त्यांच्याबाबत कायद्याची भूमिकाही जतनाकडे झुकणारी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारा फेरफार वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले. २०२१ मध्ये आलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला विशेष नोंदणी मिळते. मात्र ते मूळ रूपात जपलेले असावे. त्याचा सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. कॅलिफोर्नियातील छायाचित्रे पाहून येथील एखाद्या जुन्या बीटलचे नाक कापणाऱ्याला म्हणूनच ती रस्त्यावर आणण्याचा आणि विंटेज नोंदणीचा असे दोन्ही हक्क गमावण्याची तयारी ठेवावी लागेल.

बाहा बगचा इतिहास एवढेच सांगतो की चांगल्या आराखड्याला त्याच्या कर्त्याने न कल्पिलेले उपयोगही सापडतात. हलकेपणा, सोपी जोडणी आणि दुरुस्तीची सुलभता हे गुण गरीब कुटुंबाच्या सोयीसाठी योजले गेले. वाळवंटात तेच कामी आले. ज्यांच्याजवळ गंजलेली गाडी आणि मोकळे मैदान आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. ज्यांच्याजवळ शाबूत बीटल आहे त्यांनी मात्र तेल वेळेवर बदलावे, पट्टा तपासावा आणि करवत दूर ठेवावी.